सात कार्डं आणि तांडेलाचा नांगर

दुपारी जेवून जरा आडवा झालो की माझ्या डाव्या कानात अजून एक खरखर सुरू होते. आमची मंडळी म्हणतात, कानाच्या डॉक्टरला दाखवा. मी दाखवत नाही. तीस वर्षं त्या कानाला हेडफोन होता, त्याला काही बोलायचं असेल तर बोलू दे. खरखर वाढते, तिच्या मागून समुद्र ऐकू येतो, मग कोणीतरी फार लांबून "बाबा" म्हणतं, आणि मला डोळा लागतो.

मी टेलिफोन खात्यात टेक्निशियन होतो. मूळचा मंडणगडचा, म्हणजे डोंगरातला. समुद्र नीट पाहिला तो रत्नागिरीला नेमणूक झाल्यावर, आणि पाहिला तोही खिडकीतून. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या यंत्राच्या खोलीत उंच लोखंडी रॅका होत्या, त्यांत शेकडो सिलेक्टर. तुम्ही नंबर फिरवला की एक सिलेक्टर टकटक करत वर चढायचा, मग आडवा वळायचा, आणि पुढच्याच्या हाती तुमची हाक द्यायचा. माझा पुतण्या पुण्यात कसल्याशा डेटा सेंटरात आहे. परवा म्हणाला, काका, राउटर मंद चालतोय, मध्येच मान टाकतो, आणि तपासायला गेलं की शहाण्यासारखा वागतो. मी म्हटलं, बाळा, ह्याला मी ओळखतो. फक्त आमच्या वेळी त्याचा आवाज यायचा. सकाळी अकराच्या सुमारास, बाजार ऐन रंगात असताना, ती खोली अशी काही बोलायची की मी नुसता स्टुलावर बसून राहायचो. कोण कोणाशी बोलतंय हे कळायचं नाही, पण सगळं गाव बोलतंय एवढं कळायचं.

बिघाड दोन जातींचे. एक सरळ जातीचा: तार तुटली, लाइन मेली, जा आणि जोडा. ह्याला आम्ही बिघाड म्हणतच नसू. दुसरा येऊन जाऊन असणारा. तो तुमच्यासमोर येत नाही. गुहागरकडचे एक सुपारीचे व्यापारी होते, त्यांच्या घरचा फोन दररोज पहाटे आपणहून वाजायचा. उचलला तर कोणी नाही. त्यांची आत्या त्याच सुमारास उठून देवपूजा करायची, ती नुकतीच वारलेली. गृहस्थ दोन महिने पहाटे उठून फोनला हात जोडत होते. आम्ही खांबावर चढलो तेव्हा चिमणी तडकलेली सापडली. चिमणी म्हणजे तार जिच्यावर बसवतात तो चिनी मातीचा कप. तड्यात दव साचायचं, वीज झिरपायची, घंटा वाजायची. चिमणी बदलली. आठ दिवसांनी त्यांची पुन्हा तक्रार आली: आता का वाजत नाही? ह्याला उत्तर काय द्यायचं ते आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तर येऊन जाऊन असणारा बिघाड सापडला नाही की आमच्याकडे एक सोय होती. प्रत्येक तक्रारीचं एक कार्ड असायचं. त्यावर शेवटी लिहायचं, "तपासली, ठीक आढळली." खाली सही. कार्ड बंद. ह्या तीन शब्दांनी आमचे किती दिवस सुखाचे गेले ते मोजता येणार नाही. त्यातल्या सात कार्डांबद्दल सांगायला बसलोय.

रत्नागिरीच्या उत्तरेला किनाऱ्याकिनाऱ्याने एक तार जायची. तिच्या टोकाला एक गाव होतं. नाव मुद्दाम देत नाही, तिथे अजून मला ओळखणारी माणसं आहेत. निम्मं गाव बोटीवर. गावात फोन एकच, पोस्टात, आणि पोस्ट म्हणजे मास्तरांच्या घराची पडवी. हे मास्तर शाळाही चालवायचे आणि पोस्टही. दिवाळी आटोपली आणि ह्या लाइनची तक्रार आली. दुपारनंतर खरखर होते, बोलणं तुटतं.

आमची रीत अशी की लाइन तपासायची सकाळी दहाला. मी रत्नागिरीत टेस्टच्या टेबलावर बसून मीटर लावला. काटा जिथे हवा तिथे. आमचे लाइनमन रामभाऊ, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, पहाटेच्या यष्टीने गेले, खांबाखांबाने बघत पोस्टापर्यंत चालले, तिथून मला फोन लावला. आवाज एकदम स्वच्छ. दुपारी एकच्या गाडीने रामभाऊ परत. पुढची गाडी थेट संध्याकाळी, ती कधी यायची कधी नाही, म्हणून एकचीच धरायची हा नियमच होऊन बसला होता. मी कार्डावर लिहिलं, तपासली, ठीक आढळली.

असं सात वेळा झालं. सात वेळा सकाळी मीटर, सात वेळा रामभाऊ, सात वेळा एकची गाडी. पाचव्या वेळी रामभाऊ म्हणाले, "भाऊ, त्या मास्तरांचेच कान तपासूया." मी हसलो. आज ते हसणं आठवलं की बरं वाटत नाही.

सातवं कार्ड बंद झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक बाई आली. तिशीची, अंगावर धुवट लुगडं, हातात पिशवी. नाव सुमन. तिने तक्रार केली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, "पोस्टातल्या लाइनचं कोण बघतं, त्यांना भेटायचंय."

मी पुढे झालो. तिने सांगितलं ते तिच्याच क्रमाने सांगतो. तिचा नवरा सदा परदेशी मालवाहू बोटीवर. अजून वर्षभर घरी यायचा नाही. घरात सासरे, बाळा तांडेल, आयुष्यभर शिडाचे मचवे चालवलेला माणूस. त्यांचा एक कान केव्हाच गेला होता. दुसरा उतरत चालला होता. रत्नागिरीच्या डॉक्टरने बघून सांगितलं होतं की चार महिने, फार तर सहा. मग काही ऐकू येणार नाही.

"त्यांचं एकच म्हणणं आहे," ती म्हणाली, "कान आहे तोवर सदाचा आवाज एकदा ऐकायचा. ह्यांची बोट बंदराला लागली की ते फोन करतात. दोनदा केला. दोन्ही वेळा दुपारी. 'बाबा' एवढंच आलं आणि खरखर."

मी म्हटलं, "अहो, पण लाइन आम्ही सात वेळा तपासली. ठीक आहे."

"तुम्ही दुपारी आलात का कधी?" तिने विचारलं. "वारा सुटला की बिघडते. आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. डोंगरातल्या माणसाला वारा म्हणजे वारा. किनाऱ्यावर तो रोज दुपारी कामावर आल्यासारखा येतो आणि संध्याकाळी जातो, हे नोकरीत इतकी वर्षं काढून मला माहीत नव्हतं. आणि रामभाऊ एकच्या गाडीने परतत होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः रामभाऊंबरोबर गेलो. ठरवलं होतं, एकची गाडी सोडायची.

ती दुपार मला अजून पुसट होत नाही. तांडेलाच्या पडवीत आम्ही जेवलो. समोर वाळूची पुळण, केवड्याचं बेट, आणि अंगणाच्या कडेला आमचा लोखंडी खांब. त्या ठिकाणी लाइन समुद्राच्या कडेने येऊन आत पोस्टाकडे वळत होती, तो वळणावरचा खांब. तांडेल माझ्यासमोर भिंतीला टेकून बसला होता. काळा, वाळलेला, डोळे मात्र लांबचं बघणारे. मी बोललो की तो माझ्या ओठांकडे बघायचा. जेवण झालं तसे सगळे पेंगले. वारा नव्हता. समुद्र अगदी निजलेला. चाचणीचा फोन मी तारांना लावून ठेवला होता, तो कानाशी धरला तर रत्नागिरीच्या ट्रंक बोर्डावरच्या ऑपरेटर शैलाताई कोणाला तरी "जरा थांबा" म्हणत होत्या, ते इतकं जवळून ऐकू येत होतं की त्यांचा श्वास कळावा. मला वाटलं, बिघाड असा नाहीच. आपण सगळे मिळून स्वप्न बघतोय.

मग माडाची झावळी हलली. एकच. तांडेलाने डोळे उघडले. त्याला ऐकू आलं नव्हतं, अंगाला कळलं होतं. तो उठला, अंगणातल्या माडापाशी गेला. माडाला एक जाड काथ्याचा दोर बांधलेला होता, तो वर आमच्या खांबाच्या शेंड्याला गेला होता. सकाळपासून मी तो बघत होतो. सैल लोंबत होता, त्यावर सुमनने लुगडं वाळत टाकलं होतं, ते तिने जेवणाआधी काढून नेलं. रामभाऊंनीही तो सातही वेळा बघितला होता आणि जाळी वाळवायचा समजले होते.

तांडेलाने दोर सोडला, पाय रोवून मागे झुकला, आणि असा खेचला की त्या वयात कोणी खेचेल असं वाटलं नसतं. माडाला तीन वेढे, एक गाठ. खांब वीतभर हलला. आणि माडाच्या बाजूच्या गाळ्यातल्या, म्हणजे दोन खांबांमधल्या, दोन तारा सैल पडून खाली आल्या. वारा आला. तारा झोका घेऊ लागल्या, आणि दर झोक्याला एकमेकींना लागू लागल्या. माझ्या कानातल्या फोनमध्ये शैलाताई बुडाल्या. नुसती खरखर.

मी रामभाऊंकडे बघितलं. रामभाऊ केवड्याच्या बेटात शिरले आणि थोड्या वेळाने हातात तारेचा एक गंजलेला तुकडा घेऊन बाहेर आले. वळणावरच्या खांबाला बाहेरच्या अंगाने जमिनीत ताण दिलेला असतो, म्हणजे एक जाड तार, नाहीतर लाइनच्या ओढीने खांब आत कलतो. तो ताण खाऱ्या हवेने वाळूपाशीच तुटला होता. केवड्यात कोणाला दिसणार?

मला सगळं कळलं. ते तांडेलाला कसं सांगायचं ते कळेना. शेवटी सुमनने सांगितलं. ती त्याच्या बऱ्या कानाशी वाकून मोठ्याने बोलली, मी हातांनी दाखवलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"खांब कलला तवा मला वाटला, पडंल," तो म्हणाला. "सदानं लिवलान होता, बंदराला लागलो की फोन करतंय. म्हटला, डोलकाठीचा ताण गेला तर आपण काय करतो? बांधतो. हाताशी माड होता, त्याला बांधला. वारा आला की ताठ करायचा, वारा पडला की सैल सोडायचा. नायतर काठी मोडते." त्याने दोराकडे बघितलं. "म्हणजे माज्या पोराचा आवाज मीच तोडला."

त्याने आयुष्यभराचं कसब पणाला लावून रोज दुपारी उठून आमच्या खात्याचं काम केलं होतं, आणि बरोबर उलट्या बाजूला केलं होतं. दोष कोणाचा म्हणायचा? वर्षभर त्या वळणावर दुपारी पाऊल न टाकलेल्या माणसांचा. मी त्याला तसं सांगितलं. सात कार्डांचंही सांगितलं.

"सात येळा ठीक लिवलात?" त्याने विचारलं.

"सात वेळा."

तो हसला. दात दोनच होते, पण हसणं मोठं होतं. "मग तुमी आनि मी एकाच बोटीवरचे."

ताणासाठी मी स्टोअरला मागणी लिहू शकलो असतो, पण स्टोअरमधून ताण यायला पावसाळा उजाडला असता. तांडेल उठून मागच्या खोपटात गेला आणि आम्हाला हाक मारली. तिथे त्याच्या मचव्याचा जुना लोखंडी नांगर पडला होता. मचवा केव्हाच मोडला, नांगर राहिला होता. मी जागा दाखवली, बाहेरच्या अंगाला, वळणाच्या बरोबर मधोमध. रामभाऊंनी वाळूत कमरेइतका खड्डा खणला. नांगर त्यात आडवा घातला, वर जांभ्याचे चिरे, वर वाळू. रामभाऊ खांबावर चढले. दोराची गाठ मात्र तांडेलाने स्वतः मारली, आणि मला बजावलं की ही गाठ सोडायची नाही, वारा येवो की जावो. खांब उभा राहिला. भर वाऱ्यात मी फोन कानाला लावला. शैलाताई कोणाला तरी सांगत होत्या, "बोला, लाइन मोकळी आहे."

पुढे सदाचं पत्र आलं तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. अमक्या आठवड्यात बुधवारी किंवा गुरुवारी बोट बंदराला लागेल. सुमनने मला निरोप धाडला. मी एक कोरं कार्ड खिशात घालून गेलो, कारण कार्डाशिवाय खात्याच्या माणसाला कुठे जाता येत नाही. बुधवारी आम्ही मास्तरांच्या पडवीत बसून होतो, काही आलं नाही. गुरुवारी साडेतीनला घंटा वाजली. बाहेर वारा होता. खांब जागचा हलत नव्हता.

शैलाताई म्हणाल्या, "तांडेलांना द्या." मी चाचणीचा फोन तारेला लावून कानाशी धरला. आत आधी एक लांबलचक पोकळी होती, कितीतरी समुद्रांएवढी, आणि मग तिच्यातून शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज आला.

"बाबा. मी सदा. ऐकू येतंय ना?"

तांडेलाने रिसीव्हर कानावर दाबून धरला होता. तोच कान, बरा. "हॅलो," तो म्हणाला. "हॅलो, सदा." मग थांबला. रिसीव्हर काढून बघितला, पुन्हा लावला. सदा बोलत होता, एकेक शब्द काचेसारखा स्वच्छ. बाबा, मी ठीक आहे, बाबा, बोला की. तांडेल सुमनकडे वळला. "आज पन खरखर," तो म्हणाला. "काय एक कळत नाय."

सुमनने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. अडीच महिन्यांपूर्वी त्या कानात जीव होता. सात कार्डं, आठ-दहा दिवसांनी एकेक. पहिल्याच दुपारी मी तिथे असतो तर दिवाळीच्या मागोमागच त्याने ऐकलं असतं.

त्याने माझा खांदा धरला. "दादा, लाइन वाईट हाय ना?"

आयुष्यात पहिल्यांदा मी चांगल्या लाइनला वाईट म्हटलं. जोरात मान हलवली. हो, वाईट आहे, तुमच्याकडे खराब येतेय. मग त्याच्याकडे बोट केलं, फोनकडे केलं, लांब समुद्राकडे केलं. तुमचं त्याला जातंय. तुम्ही बोला.

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग भिंतीला टेकून उभा राहिला आणि बोलू लागला.

"सदा, मी बोलतंय. मला तुजा ऐकू येत नाय, लाइन वाईट हाय. पन तुला जातांय म्हनतात, तर ऐक. वारा बरा हाय. तुज्या हातचा माड यंदा धरलाय, पयला नारळ देवाला दिला. मागल्या दारची विहीर उपसली. सुमन बरी हाय, रडत नाय." सुमन पडवीच्या खांबाला डोकं टेकून रडत होती. "माजा नांगर आता टेलिफोनच्या खांबाला लावलाय, आलास की दाखवतंय. थंडीत डोक्याला बांधत जा."

माझ्या कानात सदा "हं बाबा" म्हणत होता. दर वाक्याला एक "हं". मग नुसता श्वास. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये बोलते. त्या दिवशी शैलाताई मध्ये बोलल्या नाहीत.

तांडेलाने रिसीव्हर मास्तरांच्या हाती दिला आणि बाहेर गेला. मी मागून गेलो. तो सरळ वळणावरच्या खांबाशी गेला आणि नांगराकडे उतरणाऱ्या दोरावर तळवा ठेवून उभा राहिला. वाऱ्यात तारा गातात, तो सूर दोरातून खाली हाताला लागतो. मीही हात ठेवला. दोर बारीक थरथरत होता, अखंड, कुठेही न तुटता.

"लाइन चांगली हाय, दादा," तो म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "तारा एकमेकींना लागत नायत. हाताला कळतांय मला. कान माजाच गेलाय." मग त्याने विचारलं, "त्याला गेलां ना ऐकू?"

मी मान हलवली.

"मग कार्डावर ठीक लिवा."

मी खिशातून कार्ड काढलं, त्याच्या अंगणातल्या माडाला टेकवून भरलं. तपासली, ठीक आढळली. रत्नागिरीला आल्यावर ते आधीच्या सातांबरोबर ठेवलं. तीच शाई, तेच अक्षर, तीच सही. वरच्या तारखा झाकल्या तर त्यांतलं खरं कुठलं हे मलाही सांगता आलं नसतं.